सोलापुरांतील एक दुपार

वैशाखांत पुण्याहून सोलापूरच्या दिशेनें प्रवासास निघणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे, हें मी जाणून होतों. परंतु आमच्या अक्काचें वय अठ्याहत्तर. तुळजापुरास जाऊन देवीची ओटी भरण्याची तिची इच्छा तीन वर्षें राहून गेलेली. आणि चिरंजीवांना रजा मिळाली ती नेमकी याच महिन्यांत. गाडी त्यांचीच, अकरा वर्षांची. तिच्यांतील वातानुकूलन यंत्र महिनाभर रुसलेलें होतें. पुण्यांतील एका मोठ्या कार्यशाळेंत दाखविलें, तेव्हां तेथील तरुणानें पांच मिनिटांत निकाल दिला: कॉम्प्रेसर गेला, नवा बसवावा लागेल, खर्च चोवीस हजार. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरांत असा आंकडा ऐकल्यावर पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. पहाटे निघूं, ऊन चढण्यापूर्वीं पोहोंचूं, असें ठरवून आम्ही निघालों.

भिगवणपाशीं उन्हाळ्यानें मागें सरलेलें उजनीचें पाणी पाहत चहा झाला. पण इंदापुराजवळ चाक बसलें आणि त्यांत दोन तास गेले. टेंभुर्णी सोडली तेव्हां सूर्य माथ्यावर आला होता. कांचा उघडाव्या तर भट्टीचा झोत, मिटाव्या तर आंतच भट्टी. अखंड बोलणारी अक्का एकाएकीं गप्प झाली, तेव्हां मी मागें वळून पाहिलें. ती घामानें डबडबली होती व मान एका बाजूस कलली होती. मोहोळास एका डॉक्टरांनीं रक्तदाब पाहिला, मीठसाखरेचें पाणी पाजलें, तासभर निजवून ठेवलें आणि मला बजाविलें, "मास्तर, यापुढें यांना न्यायचें तर गाडी थंड करून घ्या, नाहीं तर उन्हांतला प्रवास नको."

सोलापुरास भाच्याकडे उतरलों. दर्शन दुसऱ्या दिवशीं, परतणें तिसऱ्या दिवशीं, आणि तेंही याच उन्हांत. हाताशीं रक्कम होती ती ओटीच्या पाकिटांतली, पांच हजार. तिला हात लावण्यास माझें मन घेईना. अक्का पडल्या पडल्या म्हणाली, "त्यांतलेच घे रे. मला उन्हांत मारून देवीला साडी नको आहे."

विजापूर वेशीच्या बाजूस एका बोळांत भाच्याच्या माहितीचें दुकान होतें. पत्र्याची पडवी, दोन पंखे, भिंतीला टांगलेल्या नळ्या. मालक साठीचे, सारे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनीं निळ्या आणि तांबड्या तबकडीचें दाबमापक यंत्राला जोडलें. दोन्ही कांटे जेमतेम हलले.

"कॉम्प्रेसर गेला म्हणून कोण सांगितलं, मास्तर? आत गॅसच नाही. दाब पडला की स्विच त्याला चालूच होऊ देत नाही. बिचारा गप बसलाय."

चिरंजीव म्हणाले, "गेल्या उन्हाळ्यांतच पंधराशें देऊन गॅस भरला होता."

"मग तो गेला कुठं? पेट्रोलसारखा गॅस जळत नाही की. गेला म्हणजे कुठून तरी गळाला."

या एका वाक्यांत सारें शास्त्र आहे. माठाच्या अंगावरील पाणी वाफ होतांना उष्णता ओढून घेतें. तेंच या यंत्रांत घडतें, फरक एवढाच कीं येथील द्रव उणे सव्वीस अंशांस उकळतो आणि झालेली वाफ वायां जात नाहीं. कॉम्प्रेसर तिला दाबतो, पुढच्या जाळीपाशीं ती उष्णता टाकून पुन्हां द्रव होते, आणि अरुंद झडपेंतून सुटून आंतल्या कॉइलमध्यें पुन्हां उकळते. वर्षानुवर्षें तोच वायू फिरतो. मोटारींत ही सोय प्रथम १९३९ सालीं अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें आणली. ती बंद करावयाची तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे!

उस्ताद विजेरी घेऊन नळ्यांचे सांधे तपासूं लागले. वायूबरोबर थोडें तेलही फिरतें. जेथें गळती, तेथें तेल झिरपून धूळ चिकटते. धुरावरून अग्नीचें अनुमान मीं आयुष्यभर मुलांना शिकविलें. तैलकणावरून छिद्राचें अनुमान आज शिकलों. जाळीच्या वरच्या सांध्यापाशीं रुपयाएवढा काळा डाग सांपडला. नळींत नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावतांच तेथें बुडबुडे आले. सांधा उकलला, तों आंतलें रबरी कडें उन्हांत वाळलेल्या चिंचेच्या सालीसारखें कडक झालेलें! चिरंजीवांनीं गळती बुजविणाऱ्या डब्याची गोष्ट काढली. उस्तादांनीं हात जोडले: "तो चिकट माल झडपेत बसला, तर मग खरोखरच चोवीस हजार होतील."

नवीं कडीं बसलीं, भरण्याच्या तोंडांतील सायकलच्या व्हॉल्व्हसारखे गाभे बदलले, आणि आंतली हवा व दमटपणा खेंचून काढण्यासाठीं पंप लागला. त्याला पाऊण तास हवा होता. तेवढ्यांत मी किल्ल्याकडे चालत गेलों. तळ्यांतील सिद्धेश्वराचें देऊळ उतरत्या उन्हांत दिसत होतें, आणि पाण्यावरून येणारा वारासुद्धां कोमटच होता. याच शहरांत १९३० सालीं लष्करी कायदा पुकारला गेला होता. त्याची आठवण असलेलें कोणी आतां भेटणें कठीण. देवापुढें अक्कासाठीं हात जोडले आणि परतलों.

कांटा जागचा हलला नव्हता, म्हणजे गळती थांबली होती. मग झांकणाखालील पट्टीवर लिहिल्याप्रमाणें साडेचारशें ग्रॅम वायू, कांट्यावर वजन करून, भरला. अंदाजानें भरणाऱ्यांविषयीं उस्तादांचें मत येथें छापण्याजोगें नाहीं. धुळीनें बुजलेली पुढची जाळी त्यांच्या पोऱ्यानें पाण्यानें हलकेच धुतली; आंतली हवागाळणी झटकून तिच्यांतून मूठभर वाळका पाला निघाला. त्याचे पैसे घेतले नाहींत. हिशेब असा: कडीं व गाभे १५०, तपासणी व पंप ६००, वायू ९००, तेल २००, मजुरी ५००, एकूण २,३५० रुपये. वाळलेलें कडें मीं मागून घेतलें.

"महिन्यानं एकदा कुठंही दाब बघून घ्या," उस्ताद म्हणाले, "आणि गॅस भरा म्हणाला, तर आधी गळती दाखव म्हणा."

दुसऱ्या दिवशीं साडी थोडी हलक्या वाणाची घेतली. तुळजापूरचा घाट चढतांना बाहेर डोंगर तापून पांढरे पडले होते. मागून अक्काचा आवाज आला, "अरे, तें भोंक जरा तिकडे फिरव. माझे गुडघे गारठले."