रागाची मुदतठेव

माणसानं राग गिळावा, अशी आपली जुनी शिकवण. ‘रडतोस काय मुलीसारखा?’ म्हटलं की पोरगं गप्प; आईबाप खूष, संस्कार झाले! बँकेतल्या कारकुनाला मात्र हा व्यवहार ओळखीचा. गिळलेला राग म्हणजे मुदतठेव. ठेवणारा विसरतो, व्याज चढतच राहतं.

जेम्स ग्रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९९८ साली प्रयोगानं दाखवलं, की भावना दाबली तर चेहरा कोरा राहतो, पण शरीराची आतली धावपळ वाढते. प्रसंगाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं, तर भावनाच निवळते.

पण १४ वर्षांच्या पोरीनं ती नजर आणायची कुठून? मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो. म्हणजे काउंटरवर गर्दी, आणि मॅनेजर अजून यायचाय! त्यात जवळजवळ निम्मे मानसिक आजार अठराव्या वर्षाच्या आतच डोकं वर काढतात. तोवर मॅनेजरचा चार्ज घरच्यांनीच सांभाळायचा.

परवा गणिताच्या मार्कांवरून कन्येनं दार आपटलं. सौभाग्यवती दाराबाहेर मटार सोलत बसली. ‘राग आलाय ना? येऊ दे. आला की मटार सोलायला ये.’

अर्ध्या तासानं दार उघडलं. सोलता सोलता निम्मे मटार कन्येनंच खाल्ले. भाजी बटाट्याची झाली. पण खातं चालू राहिलं.