इंग्लंड, व्हाया पसरणी घाट

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पुण्याच्या घरात इंग्लंड शिरले.

अकरावीची परीक्षा संपताच आमच्या कन्येने एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर झोकदार मथळा लिहिला : 'पाहायलाच हवीत अशी इंग्लंडमधली गावे'. लंडनला त्या यादीत थारा नव्हता. पहिला मान होता बायबरीचा. तिथे आर्लिंग्टन रो नावाची दगडी घरांची एक ओळ आहे. चौदाव्या शतकात ती लोकर साठवायला बांधली, सतराव्या शतकात तिथे विणकरांची बिऱ्हाडे आली, आणि घरे आजही उभी आहेत. मग ग्रासमिअर. तिथले वर्डस्वर्थचे डव्ह कॉटेज १८९१ पासून लोकांना पाहायला खुले आहे. मग हॉवर्थ. तिथे ब्राँटे भगिनींच्या घराचे १९२८ साली संग्रहालय झाले. आणि शेवटी, आहे वेल्समध्ये पण इंग्लंडच्या अगदी वेशीवर, असे हे-ऑन-वाय.

"कोणतं गाव?" "हे." "अगं, पण हे म्हणजे कोणतं?" हा माझा विनोद कन्येने ऐकू न आल्यासारखा सोडून दिला.

"बाबा, तिथे गावभर जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत. रिचर्ड बूथ नावाच्या माणसानं ती टूम काढली. १९७७ साली त्यानं स्वतःला त्या गावचा राजा म्हणून जाहीर केलं. एक एप्रिलला!"

"तारीख बरी निवडली," मी म्हणालो.

सौ.ने विमानाच्या भाड्याची चौकशी केली आणि ती पुन्हा पोळ्यांकडे वळली. मराठीचा प्राध्यापक इंग्लंडला जातो तो बहुधा प्रवासवर्णनाच्या तासाला, आणि घंटा झाली की परत येतो. पण पोरीचा चेहरा पाहवेना. तेव्हा मी जाहीर केले, "हे-ऑन-वायची धाकटी बहीण आपल्याकडेच आहे. उद्या पहाटे स्वारगेट!"

खंबाटकी मागे पडला, वाई आली, पसरणीचा घाट चढून एस. टी. पाचगणीला लागली. तिथून महाबळेश्वरच्या वाटेवर भिलार. स्ट्रॉबेरी पिकवणारे हे गाव ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' झाले. कल्पना हे-ऑन-वायवरूनच घेतलेली, पण एक फरक आहे. तिकडे दुकाने आहेत, इकडे माणसांची राहती घरे. सुरुवात पंचवीस ठिकाणी झाली. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात संतसाहित्य. दाम मोजायचा नाही. आत जायचे, बसायचे आणि वाचायचे.

आम्ही शिरलो त्या घरी पडवीत लसूण सोलत बसलेल्या आजींनी "या, बसा" म्हटले, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्या पुन्हा लसणाकडे वळल्या. पुस्तकांपेक्षा आमच्यावर लक्ष ठेवण्याची त्यांना गरज वाटली नाही. मार्कांपुरतेच मराठी वाचणारी माझी मुलगी एका जुन्या कादंबरीपाशी थांबली. प्रथम उभ्याने, मग जमिनीवर मांडी घालून. एखादा शब्द अडला की ओठ हलत. तासाभराने तिने मान वर केली.

"बाबा, आजोबांची पुस्तकं आपण कुठल्या ग्रंथालयाला दिली?"

वर्गात कोणत्याही प्रश्नाला मी अडत नाही. इथे अडलो. शनिवार पेठेतला आमचा वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली, त्यालाही आता बारा वर्षे झाली. तीन खोल्यांत वडिलांची चार कपाटे मावेनात. एका दुपारी मी रद्दीवाल्याला बोलावले. पुस्तके तराजूत चढली, मी किलोचा हिशेब तपासून घेतला, आणि घरी-दारी सांगितले, 'ग्रंथालयाला दिली'. सांगून सांगून ते मलाही खरे वाटू लागले होते.

आजींच्या पडवीत मात्र ते तोंडातून निघेना. मी खरे काय ते सांगून टाकले. कन्या रागावली असती तर बरे झाले असते. तिने एवढेच विचारले, "सगळी?"

"एक ट्रंक राहिली. त्याच्या हातगाडीवर जागा उरली नव्हती."

परतीच्या वाटेवर ती फारसे बोलली नाही. ब्राँटे भगिनींचे घर इतक्या वर्षांनी कसे शिल्लक राहिले असेल, याचा मी घाटाच्या प्रत्येक वळणावर विचार करीत होतो. कोणीतरी, केव्हातरी, जागेची अडचण सोसली असणार.

दिवाळीच्या साफसफाईत आम्ही दोघांनी माळ्यावरून ती ट्रंक उतरवली. आत एकेचाळीस पुस्तके निघाली. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर वडिलांची सही, तारीख आणि आण्यांतली किंमत. मी फडक्याने धूळ पुशीत नाव वाचत होतो आणि कन्या लिहून घेत होती. वही तीच. बायबरी, ग्रासमिअर, हॉवर्थ, हे. पान उलटले की आजोबा.

"अहो, ही ठेवणार कुठे?" सौ.ने दारातून विचारले.

माझ्या आधी कन्याच म्हणाली, "माझ्या पलंगाखाली."