प्रश्न विचारण्याची किंमत: दोन मित्र, तीन चित्रपट

चित्रपट विस्मरणात जाण्याचे दोन प्रकार आहेत. काही चित्रपटांचे नावच कुणी घेत नाही. काहींचे नाव इतके जण घेतात की तो पाहण्याची गरज कुणालाच उरत नाही. मराठीतील 'सामना' हा या दुसऱ्या प्रकारचा चित्रपट आहे. मारुती कांबळेचे काय झाले, हा त्यातील प्रश्न अग्रलेखांत, व्याख्यानांत आणि विधिमंडळाच्या वार्तांकनांत इतक्या वेळा वापरला गेला आहे की आता तो वाक्प्रचारासारखा झाला आहे. वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी तो चित्रपट शेवटपर्यंत पाहिला असेल, अशी शंका येते. एका अर्थाने प्रश्न जिवंत राहिला आणि चित्रपट मागे पडला.

माझा एक मित्र आणि मी, दोघेही बीड जिल्ह्यात मराठी शिकवतो. गेल्या काही वर्षांत सवडीने आम्ही असे मागे पडलेले चित्रपट एकत्र पाहत आलो आहोत. यात कोणताही उपक्रम नाही, कुठली संस्था नाही. अंबाजोगाईत त्याच्या घरी एक संगणक आहे, त्यावर चित्रपट लावायचा, तो संपेपर्यंत बोलायचे नाही आणि मग बोलायचे, एवढाच नियम. यांपैकी काही चित्रपट आम्ही प्रथम पाहिले ते लहानपणी, दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील चित्रपट दाखवले जात तेव्हा. त्या वेळी ते समजले नव्हते. आज समजतात, पण दोघांना वेगवेगळे समजतात. मला सांगण्यासारखे वाटते ते या वेगळेपणाबद्दलच.

'सामना' हा १९७४ सालचा चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचे आणि निर्मिती रामदास फुटाणे यांची. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात तो स्पर्धेत होता. फुटाणे मूळचे जामखेडचे, म्हणजे आमच्या आष्टी-पाटोद्याच्या वेशीला लागून असलेल्या तालुक्याचे. साखर कारखान्याच्या जोरावर परिसराचा मालक झालेला हिंदुराव धोंडे पाटील आणि त्याच्या गावात भरकटत आलेला, दारूत बुडालेला, एकेकाळचा गांधीवादी मास्तर यांच्यातील ही झुंज. निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांनी ती कशी उभी केली हे पुन्हा सांगायला नको. मी त्याकडे मुख्यतः संवादांचा चित्रपट म्हणून पाहत आलो. हिंदुरावाची भाषा आर्जवी आहे, घरगुती आहे, तीत पाहुणचार आहे आणि त्या पाहुणचाराच्या आतच धमकी आहे. सत्तेची मराठी कशी बोलते, याचा इतका अचूक नमुना दुसरा नाही, असे मी वर्गातही सांगतो.

मित्राला हे मान्य होते, पण पुरेसे वाटत नव्हते. तो शिरूर कासार तालुक्यातला. त्याच्या आईवडिलांचा कोयता होता. बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवे की ऊसतोडीच्या व्यवहारात 'कोयता' म्हणजे केवळ हत्यार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. ही जोडी मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेते, तिला 'उचल' म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, कारखान्याच्या पट्ट्यात फडाजवळ कोप्या पडतात, आणि तोडणी, मोळ्या बांधणे, गाडी भरणे यात उचल फिटेपर्यंत उन्हाळा येतो. लाखो माणसे दरवर्षी अशी घर सोडतात आणि त्यांत बीड जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठ्या वाट्यांपैकी आहे. चित्रपट संपल्यावर मित्र थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "हिंदुराव भारी आहे रे. पण ऊस काय आपोआप गाडीत येऊन बसायलाय का?"

हा आक्षेप मला आधी बाळबोध वाटला होता. प्रत्येक कलाकृतीने प्रत्येक गोष्ट सांगितली पाहिजे, असा हट्ट समीक्षेत धरता येत नाही. पण त्याचे म्हणणे तेवढेच नव्हते. तो म्हणत होता की कथेच्या केंद्रस्थानी कारखान्याचा मालक, एक सुशिक्षित मास्तर आणि एक बेपत्ता माजी सैनिक अशी तीन माणसे ठेवली की सत्तेचा प्रश्न नैतिक होतो, कुणीतरी कुणाचा तरी खून केला आहे का असा. तोच प्रश्न फडातून पाहिला तर हिशेबाचा होतो: कुणाची उचल किती, वजन कुणी केले, आजारी पडल्यावर खाडा कुणाच्या नावावर. हिंदुरावाला घाबरण्यासाठी त्याने खून करण्याची आवश्यकता नसते, मुकादमाची वही पुरते. दोन्ही प्रश्न खरे आहेत, असे मी म्हणालो. तो म्हणाला, खरे आहेत, पण पुरस्कार पहिल्याला मिळतात.

त्यानंतर आम्ही 'सिंहासन' पाहिला. १९७९ चा, दिग्दर्शक आणि पटकथाकार तेच, आधार अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांचा. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले की एक गोष्ट ठळक होते. पहिल्यात सत्ता असलेले निळू फुले दुसऱ्यात सत्तेचे साक्षीदार आहेत, पत्रकार दिगू टिपणीस. पाच वर्षांच्या अंतराने एकच चेहरा खुर्चीतून उठून खुर्चीकडे पाहणाऱ्यांत येऊन बसतो. दिगूला सगळे ठाऊक आहे आणि त्या माहितीचा काहीही उपयोग नाही, म्हणून शेवटी त्याचे भान सुटते. मास्तर प्रश्न विचारू शकतो, दिगू उत्तरे माहीत असूनही काही करू शकत नाही. या दोघांमध्ये तेंडुलकरांचा आशावाद कमी झाला आहे, असे आमचे या एका बाबतीत एकमत झाले.

सर्वांत जास्त भांडण झाले ते 'आक्रीत'वरून. १९८१ चा हा चित्रपट अमोल पालेकरांचे दिग्दर्शक म्हणून पदार्पण. लेखन पुन्हा तेंडुलकरांचे. १९७२ ते १९७४ या काळात शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मानवत येथे स्त्रियांच्या आणि मुलींच्या ज्या हत्या झाल्या, त्यांचा आधार या कथेला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली. तिने त्या प्रकरणाची पुन्हा चर्चा घडवली, पण त्या चर्चेत 'आक्रीत'ची आठवण फारशी कुणी काढली नाही. म्हणून आम्ही तो मुद्दाम काढून पाहिला. मालिका रमाकांत कुलकर्णी या तपास अधिकाऱ्याच्या आठवणींवर आधारलेली आहे, त्यामुळे प्रेक्षक तपास करणाऱ्याच्या खांद्याआडून पाहतो आणि सुरक्षित असतो. 'आक्रीत' आपल्याला मुकुटरावाच्या घरात नेऊन बसवतो. गावातला वजनदार माणूस आणि गावकुसाबाहेरच्या जमातीतली त्याची रुही यांच्या हव्यासाला आपण आतून साक्षी असतो. हिंदी पडद्यावरचा साधा, लाजरा नायक म्हणून परिचित असलेल्या पालेकरांनी मुकुटराव स्वतः केला, हे धाडसच होते. रुही चित्रा पालेकरांनी केली आहे.

माझ्या मते हा चित्रपट अंधश्रद्धेपेक्षा गावाच्या मौनाबद्दल बोलतो. मित्राचा मुद्दा वेगळा होता. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण शिक्का राहिला. बीड जिल्ह्यात कुठे चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालांवर धाड पडते, हे आम्ही दोघांनीही पाहत आलेले वास्तव आहे. अशा मुलखात गावाबाहेरची स्त्री अघोरी प्रकाराच्या मुळाशी दाखवली, तर कलावंताचा हेतू काहीही असो, प्रेक्षक आपल्या सोयीचे तेवढे उचलतो. मी म्हणालो, सत्ता मुकुटरावाकडे आहे हे चित्रपट लपवत नाही. तो म्हणाला, तू मराठीचा प्राध्यापक आहेस म्हणून तुला ते दिसते. हा वाद मिटलेला नाही. तो मिटावा असे मला वाटतही नाही.

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून हत्या करण्यात आली. २८ डिसेंबरला बीड शहरात प्रचंड मोर्चा निघाला. मार्च २०२५ मध्ये जिल्ह्यातील एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. प्रकरण न्यायालयात गेले. हे सगळे महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि त्याचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नाही. त्या हिवाळ्यात आमच्या भेटी काही काळ बंद पडल्या. मग जानेवारीत मित्रानेच निरोप पाठवला की 'सामना' पुन्हा पाहू.

या वेळी चित्रपट तोच होता, पण आम्ही ज्या ठिकाणी बसून तो पाहत होतो ते ठिकाण बदलले होते. हिंदुरावाच्या आर्जवी बोलण्यावर पूर्वी हसू यायचे, ते आले नाही. आणि एक गोष्ट प्रथमच नीट दिसली. मारुती कांबळेबद्दल विचारणारा माणूस त्या गावचा नाही. त्याला घर नाही, जमीन नाही, मुलेबाळे नाहीत, अब्रूही त्याने दारूत बुडवून टाकली आहे. ज्याच्याजवळ हिरावून घेण्यासारखे काही उरले नाही, त्याच्याच तोंडी तेंडुलकरांनी प्रश्न घातला. ही त्यांची मर्यादा नव्हे, हे त्यांचे निदान आहे. गावातल्या माणसाला विचारण्याची किंमत मोजावी लागते आणि ती किंमत त्यांना ठाऊक होती.

"आणि आता?" मी विचारले. मित्र म्हणाला, "आता बाहेरून मास्तर आला नाही. घरच्यांनी विचारलं, गावानं विचारलं. त्यांच्याजवळ तर गमवायला सगळंच होतं." मग थोडे थांबून म्हणाला, "तेंडुलकरांना हे लिहिता आलं नसतं. त्यांनी पाहिलेलं गाव गप्प होतं."

पन्नास वर्षांपूर्वीच्या कलाकृतीत आजचे भाकीत शोधण्याची आपल्याकडे हौस आहे. 'सामना'त भाकीत नाही. त्यात १९७४ च्या एका गावाचे मौन अचूक नोंदले आहे, आणि ते अचूक असल्यामुळेच आज मौन कुठे मोडले आणि कुठे तसेच राहिले हे मोजता येते. मस्साजोगचे मौन मोडले. मुकादमाच्या वहीपुढचे मौन अजून मोडलेले नाही. मित्राचा पहिला आक्षेप मला आता याच जागी ठेवावासा वाटतो. तो चित्रपटातला दोष राहत नाही, पुढे कुणीतरी लिहायच्या पटकथेची पहिली ओळ होतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आपण एकट्याने वाचायला शिकवतो, ते योग्यच आहे. पण काही कलाकृती अशा असतात की त्या आपल्याहून वेगळ्या बालपणाच्या माणसाबरोबर पाहिल्याशिवाय पुऱ्या होत नाहीत. मी संवाद ऐकत होतो, मित्र फड शोधत होता. 'सामना'वर माझा मुलांना एवढाच अभ्यास असतो: वाक्प्रचार विसरा, चित्रपट शेवटपर्यंत पाहा, आणि तो अशा कुणाबरोबर पाहा ज्याच्या घरी दिवाळीनंतर कुलूप असते.