शिंक्यातली बाग

माझ्या घराच्या गॅलरीत आज बारा शिंकी टांगलेली आहेत. पाहुणे आले की आधी तिकडे पाहतात आणि विचारतात, "एवढ्याशा जागेत ही बाग कशी फुलवली?" मी त्यांना सांगते, "ही बाग माझ्या दादीने सुरू केली. मी फक्त पाणी घालते."

ही १९९६ सालची गोष्ट आहे. मी तेव्हा सातवीत होते. आम्ही मुंबईला भायखळ्याच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. एक खोली, लहानसे स्वयंपाकघर आणि पुढे सर्वांची मिळून एक लांब गॅलरी, एवढेच आमचे घर. त्या वर्षी दादाजान वारले. गावी दादी एकटी राहिली, म्हणून अब्बांनी तिला मुंबईला आणले.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे. तिथल्या घरापुढे मोठे अंगण होते. अंगणात मोगरा, अबोली आणि जास्वंद होती. विहिरीजवळ केळी आणि अळू होते. फजरची नमाज झाली की दादी झाडांना पाणी घालायला निघे. मुंबईत तिच्या हाताला कामच उरले नाही. ती दिवसभर खिडकीपाशी बसून राही. तिचे बोलणे कमी झाले, जेवणही कमी झाले.

एका रात्री मला जाग आली. दादी अब्बांना हळू आवाजात म्हणत होती, "मला गावी नेऊन सोड." अब्बा म्हणाले, "अम्मी, तिथे तुला कोण पाहणार?" मग दोघेही गप्प झाले. मला मात्र झोप आली नाही.

दादीसाठी काहीतरी करावे, असे मला वाटू लागले. माझ्याजवळ ईदीचे थोडे पैसे होते. मी हातगाडीवरून गुलाबाचे रोप विकत आणले. त्याला दोन कळ्या होत्या. एका जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यात मी ते लावले आणि दाराजवळ ठेवले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी मी त्याला पाणी घालत असे. आठ दिवसांत पाने पिवळी पडली, कळ्या गळून गेल्या. तीन आठवड्यांत रोप वाळले. मला रडू आले.

दादी उठून बाहेर आली. तिने मातीला बोट लावले, डबा उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "याला भोक कुठे आहे? पाणी जाणार कुठून? मुळे कुजली बिचारी." मग तिने मला विचारले, "बेटा, आपल्या गॅलरीत ऊन किती वेळ येते?"

मला उत्तर देता आले नाही. रोज त्या गॅलरीत खेळत होते, पण उन्हाकडे कधी लक्ष दिले नव्हते. पुढच्या रविवारी आम्ही दोघी गॅलरीत बसून राहिलो. दाराजवळ ऊन आलेच नाही. कठड्याशी ते आठ वाजता आले आणि अकरा वाजता गेले. दादी म्हणाली, "गुलाबाला रोज पाच-सहा तास ऊन हवे. तू झाड आधी आणलेस आणि जागा नंतर शोधलीस. आधी जागा पाहावी, मग झाड आणावे." मुंबईत आल्यापासून ती इतके कधीच बोलली नव्हती.

गॅलरीतून सगळ्यांची ये-जा असे. खाली कुंड्या ठेवल्या तर शेजाऱ्यांना त्रास झाला असता. दादीने अब्बांना काथ्याची दोरी आणायला सांगितली आणि एका दुपारी बसून दोन शिंकी विणली. उर्दूत आपण ज्याला छींका म्हणतो, तेच मराठीतले शिंके. गावी दूध-दही मांजरापासून वाचवायला ते टांगत. इथे दादीने त्यात डबे ठेवले. डब्यांच्या तळाला खिळ्याने भोके पाडली. ओली माती जड होते, म्हणून तिने मातीत शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळला.

आता झाडे कोणती लावायची? टांगलेल्या डब्याला चारही बाजूंनी वारा लागतो, त्यामुळे माती लवकर सुकते. शिवाय जागा कमी, ऊन कमी. दादी म्हणाली, "जे झाड थोडक्यात समाधान मानते, ते आपले."

मी मैत्रिणीकडून मनीप्लांटची एक फांदी आणली. दादीने ती गाठीच्या जरा खाली कापली आणि पाण्याच्या बाटलीत ठेवली. गाठीतूनच मुळे फुटतात, हे मला तेव्हा समजले. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळे दिसू लागली, मग आम्ही ती फांदी मातीत लावली. बाटलीतले पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचे, नाहीतर त्यात डास होतात, हेही दादीनेच शिकवले. दुसऱ्या शिंक्यात आम्ही स्पायडर प्लांट लावले. त्याच्या लांब दांड्यांना लहान लहान रोपे लोंबू लागली. ही दोन्ही झाडे दाराजवळच्या सावलीत आनंदाने वाढली.

पण एक दिवस भांडण झाले. आमच्या शिंक्यातले पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या धुतलेल्या कपड्यांवर टपकले. मातीचे डाग पाहून काकू फार रागावल्या. मला त्यांचा राग आला, पण दादी म्हणाली, "चूक आपली आहे. जा, माफी माग." तिने स्पायडर प्लांटचे एक रोप माझ्या हातात दिले. मी भीत भीत खाली गेले आणि म्हणाले, "काकू, माफ करा. पुन्हा असे होणार नाही." काकू रोपाकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "अगं, केवढंसं आहे हे! थांब, माझ्याकडचं एक घेऊन जा." त्यांनी मला सदाफुलीचे रोप दिले. त्या दिवसापासून आम्ही शिंके खाली उतरवून पाणी घालू लागलो. सगळे पाणी निथळले की मगच ते पुन्हा वर टांगत असू.

सदाफुली कठड्याशी टांगली. तिला तीन तासांचे ऊन पुरले. फुले थोडी आली, पण येत राहिली. ही सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. स्पायडर प्लांट आफ्रिकेतले. ऑफिस-टाइम नावाचे फुलझाडही आम्ही आणले. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले. त्याची फुले ऊन चढले की उमलतात आणि दुपारनंतर मिटतात, म्हणून त्याचे नाव ऑफिस-टाइम! आमच्याकडे मात्र ते फुलेना. दादीने ते शिंके चाळीखालच्या वाण्याला देऊन टाकले. त्याच्या दुकानापुढे दिवसभर ऊन असे. दहा-पंधरा दिवसांत तिथे गुलाबी फुलांचा झुबका लोंबू लागला. मी हळहळले, तेव्हा दादी म्हणाली, "झाड वाईट नव्हते, आपली जागाही वाईट नव्हती. दोघांचे जमत नव्हते, एवढेच."

१९९७ चा रमजान आला. सरबतात घालायला अब्बांनी सब्जाची पुडी आणली. फालुद्यात असते तेच हे काळे बी. उर्दूत त्याला तुख्मे रैहान म्हणतात. दादीने चिमूटभर बी एका शिंक्यात पेरले. आठवड्याभरात कोंब आले आणि पुढे सगळ्या गॅलरीत सुगंध पसरला. आमच्या कोकणात कबरीवर सब्जा ठेवण्याची रीत आहे. अब्बा गावी निघाले तेव्हा दादीने त्याच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्याजवळ दिल्या. "तुझ्या अब्बांच्या कबरीवर ठेव," ती म्हणाली. गावी नेऊन सोड, असे तिने त्यानंतर कधी म्हटले नाही.

मग शिंकी वाढत गेली. चाळीतल्या बायका दादीकडून शिंकी विणायला शिकल्या. कोणी पुदिना लावला, कोणी कोरफड. "पाणी कधी घालायचे?" असे कोणी विचारले की दादी म्हणे, "मातीत बोट घालून पाहा. ओली असेल तर नको, कोरडी असेल तर घाला." तिच्या खिडकीपाशी आता कोणी ना कोणी बसलेले असे.

२००९ साली दादी गेली. जनाजा निघाला तेव्हा मी तिच्या शिंक्यातल्या सब्जाच्या काड्या अब्बांच्या हातात दिल्या.

त्या सब्जाचे बी मी जपून ठेवले आहे. दर वर्षी ते पेरते, दर वर्षी नवी रोपे येतात. गेल्या महिन्यात माझ्या मुलीने गुलाब हवा म्हणून हट्ट धरला. मी तिला म्हणाले, "आणू या. पण आधी रविवारी आपण दोघी गॅलरीत बसू आणि ऊन किती वेळ येते ते पाहू."