वाघोडियाची बाजारपेठ आणि दोन मोबाइल

बडोद्याच्या पाणीगेटाकडून पूर्वेस जो रस्ता निघतो त्याला गावातील लहानथोर सारे ‘वाघोडिया रोड’ म्हणतात. परंतु ज्याच्या नावाने हा रस्ता ओळखला जातो ते वाघोडिया प्रत्यक्ष पाहिलेली मंडळी आमच्या बडोदेकर मराठी कुटुंबांत किती निघतील, याची आम्हांस शंकाच आहे. पावागडाला देवीच्या दर्शनास जाणे होते, आजव्याला शाळेच्या सहली निघतात. वाघोडिया मात्र पाटीवर वाचावे आणि पुढे जावे, असे गाव ठरून गेले आहे. शाळेच्या निमित्ताने आमचे या तालुक्यात रोजचेच जाणेयेणे. म्हणून या गावाविषयी, आणि तेथील बाजारपेठेत आमच्यापुढे आलेल्या एका लहानशा पण नाजूक प्रश्नाविषयी, वाचकांपुढे चार शब्द मांडावेत असे वाटले.

वाघोडिया चोकडीपाशी हमरस्ता ओलांडला की शहर एकदम संपत नाही. ते हळूहळू विरळ होते. इमारतींच्या मधून कपाशीची, तुरीची, एरंडीची शेते दिसू लागतात. लिमडा गावापाशी टायरांचा मोठा कारखाना आणि विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर येतो. सकाळच्या वेळी या रस्त्यावर जितके विद्यार्थी तितकेच कामगार. पुढे औद्योगिक वसाहत आणि मग तालुक्याचे जुने गाव. शहरापासून अंतर सुमारे वीस किलोमीटर. आभाळ स्वच्छ असेल तर ईशान्येस पावागडाची निळसर आकृती सोबतीला असते. एके काळी हा गायकवाडी राज्याच्या बडोदे प्रांतातील एक महाल होता. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा त्या आज्ञेची अंमलबजावणी अशाच महालांच्या खेड्यांतून झाली. आम्ही ज्या व्यवसायात केस पांढरे केले त्याचे मूळ तेथे आहे, हे मनात ठेवूनच आम्ही या रस्त्याने जात असतो.

वाघोडियाची बाजारपेठ लहान. पण शेतकरी, कारखान्यातील मजूर आणि परगावचे विद्यार्थी अशा तिन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांमुळे ती सदा जागी असते. बी-बियाण्यांच्या दुकानाला लागून फरसाणाचे दुकान, त्याला लागून मोबाइलचे. मोबाइलच्या दुकानासमोर काचा आणि कव्हरे टांगलेली, आत टेबलाशी एखादा पोरसवदा कारागीर बारीक पेचकस घेऊन डोळ्याला भिंग लावून बसलेला. खेड्यातून आलेली बाई बियाण्याची पिशवी मांडीवर ठेवून तेथेच बाकावर फोन दुरुस्त होण्याची वाट पाहते.

आमच्या शाळेत मध्यान्ह भोजन रांधणाऱ्या एक बेन आहेत. पती हयात नाहीत. मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते आणि रोज बसने जाते येते. अभ्यासाच्या टिपणांपासून परीक्षेच्या सूचनेपर्यंत सारे आता मोबाइलवर येते. घरचा जुना फोन तर अर्ध्या दिवसात मान टाकतो. बेननी दोन वर्षे बाजूला टाकलेले साडेदहा हजार रुपये रुमालात बांधून आणले होते. दुकानदाराने दोन फोन काढून ठेवले होते. बेन आम्हांस म्हणाल्या, “साहेब, आ बेमांथी कयो लउं?” प्रश्न साधा होता, परंतु चुकीचे उत्तर दिले तर ते दोन वर्षांच्या काटकसरीला भोवणारे होते.

एक फोन रेडमी ए-४ ५-जी. हा नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याच्या ६४ जीबीच्या नगाची किंमत ८,४९९ रुपये होती. दुसरा सॅमसंग गॅलेक्सी ए-०६ ५-जी. तो फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, आणि तितक्याच साठवणुकीच्या नगाला १०,४९९ रुपये पडत. म्हणजे बरोबर दोन हजारांचा फरक. शहरातील घरी ही रक्कम एका जेवणावळीत जाते. बेनच्या घरी तो मुलीचा गणवेश, बूट आणि काही महिन्यांचा बसचा पास होय.

दुकानातला तरुण मोठ्या उत्साहाने आकडे सांगू लागला. ते आकडे आम्ही एकेक करून वेगळे केले. कॅमेरा दोहोंचा ५० मेगापिक्सेलचा. हा आकडा चित्राचा आकार सांगतो, चित्राचा गुण सांगत नाही. बॅटरी एकाची ५,१६० आणि दुसऱ्याची ५,००० मिलिअँपिअर-तास, फरक नाममात्र. पडदा रेडमीचा थोडा मोठा, ६.८८ इंची, आणि सरकताना अधिक सुळसुळीत, सॅमसंगचा ६.७ इंची. परंतु ठिपक्यांची बारकाई दोहोंची जवळजवळ सारखीच. ‘चार अधिक चार, आठ जीबी रॅम’ असे जे सांगितले जाते त्यातील पहिले चार खरे. दुसरे चार म्हणजे साठवणुकीतून उसने घेतलेली जागा. ती खऱ्या रॅमइतकी चपळ नसते. शेजाऱ्याच्या ओसरीवर खाट टाकली म्हणून आपले घर मोठे होत नाही. हे सारे वजा केल्यावर विचारात घेण्याजोग्या गोष्टी थोड्याच उरतात, आणि त्यांत सर्वांत मोठी जी आहे ती डब्यावर ठळक अक्षरांत कोठेही नसते.

ती समजावून घेण्यासाठी वाचकांना आम्ही क्षणभर मागे, याच मुलखाच्या इतिहासात, नेऊ इच्छितो. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम अशी अडीच फूट रुंदीची रेल्वे सुरू झाली. हिंदुस्थानातील अरुंद रुळांची ही पहिली रेल्वे. आरंभी तिच्या गाड्या बैल ओढीत. पुढे डभोई हे अशा रुळांचे मोठे जंक्शन झाले. डभोईहून समलायाकडे जाणारा अरुंद मार्ग वाघोडियावरूनच जात असे. कमी खर्चात खेड्यापाड्यांतील कापूस बाहेर काढणारी ही योजना आपल्या जागी शहाणपणाचीच होती. अडचण एकच. मियागामला रुंद रूळ भेटत आणि अरुंद रुळांवरचा डबा कितीही मजबूत असला तरी पुढे जाऊ शकत नसे. माल उतरवावा, दुसऱ्या डब्यात भरावा, मगच तो मुंबईकडे जाई. दोष डब्यात नव्हता आणि रुळांतही नव्हता. दोहोंचे माप जुळत नव्हते, एवढेच. प्रतापनगर-डभोईचा मार्ग पुढे रुंद झाला आणि १७ जानेवारी २०२१ रोजी केवडियापर्यंत रुंद रुळांची गाडी सुरू झाली, तेव्हा त्या बाजूची ती अडचण मिटली.

मोबाइलच्या जाळ्यांतही अशीच रुळांची मापे असतात. आपल्या देशात ५-जी सेवेचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले. त्या वेळी दोन मोठ्या कंपन्यांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. जिओने सर्वस्वी नवे, स्वतःच्या पायावर उभे असे ५-जी जाळे घातले. एअरटेलने आपल्या जुन्या ४-जी जाळ्याचा आधार घेऊन त्यावर ५-जीचा मजला चढविला. रेडमी ए-४ हा फोन फक्त पहिल्या, स्वतंत्र पद्धतीचे ५-जी ओळखतो. एअरटेलच्या जोडपद्धतीच्या जाळ्यावर तो बंद पडत नाही, पण ४-जीवरच थांबतो. डब्यावर ‘५-जी’ लिहिलेले आणि रूळ मात्र जुनेच. सॅमसंग ए-०६ दोन्ही मापांच्या रुळांवर चालतो. एअरटेलनेही पुढे स्वतंत्र पद्धतीकडे पावले टाकली आहेत, तेव्हा हे चित्र बदलत जाणारे आहे. म्हणून आपले सिम दुकानातच फोनमध्ये घालून वर ‘५-जी’ उमटते की नाही ते पाहणे, हाच खरा उपाय.

आम्ही बेनना आकड्यांतले काही विचारले नाही. “सिम कोणाचे? घरात, चुलीपाशी बसून फोन लागतो की अंगणात यावे लागते? फोन किती वर्षे वापरायचा?” एवढेच विचारले. सिम जिओचे होते. घरातही लागत होते. फोन मुलीचे शिक्षण संपून नोकरी लागेपर्यंत, म्हणजे तीनचार वर्षे, टिकला तरी पुरे होते.

आता वर्षांचा हिशेब. फोनला कंपनीकडून सुरक्षिततेची दुरुस्ती वेळोवेळी मिळत असते. २०१६ साली यूपीआय आल्यापासून बँकेचे पासबुकच जणू खिशात आले आहे, तेव्हा ही दुरुस्ती थांबलेला फोन म्हणजे कडी नसलेले दार. दोन्ही कंपन्यांनी ही दुरुस्ती चार वर्षे देण्याचे सांगितले आहे. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या मात्र सॅमसंगला चार आणि रेडमीला दोन. जो मनुष्य फोन सहासात वर्षे चालवू इच्छितो त्याने हा फरक मोलाचा मानावा. चार वर्षांच्या गरजेला तो तितका मोठा नाही. शिवाय रेडमीच्या डब्यात चार्जर मिळतो, सॅमसंगच्या डब्यात तो नसतो. घरी चालण्याजोगा चार्जर नसेल तर दोन हजारांचा फरक आणखी वाढतो.

सॅमसंगची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. धूळ आणि पाणी यांपासून बचावाचे त्याचे प्रमाण आय-पी ५४, म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेले शिंतोडे तो सोसतो. रेडमीचे आय-पी ५२, म्हणजे वरून ठिबकणाऱ्या थेंबांपुरतेच. औद्योगिक वसाहतीत यंत्रापाशी उभा राहणारा कामगार असता, किंवा दांडिया बाजारातील आमच्या एखाद्या आप्ताप्रमाणे एअरटेलचे सिम वापरणारा कोणी असता, तर आम्ही दोन हजार जास्त मोजावयास सांगितले असते. त्याच दुकानात, त्याच दिवशी, त्याच दोन फोनांविषयी आमचे उत्तर उलटे झाले असते, आणि तेही बरोबरच ठरले असते.

बेननी रेडमी घेतला. पक्के बिल मागून घेतले. त्यावर छापलेला पंधरा आकडी आयएमईआय आणि फोनवर *#०६# दाबून दिसणारा आकडा एकच आहे, हे मुलीने स्वतः ताडून पाहिले. जुना फोन विकत घेणाऱ्यांनी तर केवायएम ही अक्षरे, मग जागा सोडून तो आकडा, असा संदेश १४४२२ वर पाठवून फोन चोरीचा नाही ना, याची खात्री अवश्य करावी. उरलेल्या दोन हजारांतून पडद्याची काच आणि कव्हर घेतले. बाकीचे पैसे पुन्हा रुमालात गेले. दुकानदारही नाराज झाला नाही. “साहेब, आवुं पूछनारा ओछा आवे छे,” एवढेच तो म्हणाला.

वाघोडियाचा शेतकरी कपाशीचे बियाणे घेताना पुडक्यावरचे चित्र पाहून घेत नाही. आपली जमीन काळी की गोराडू, पाणी विहिरीचे की पावसाचे, हे आधी पाहतो. उत्तम बियाणे असे काही नसते. या जमिनीला उत्तम, एवढेच असते. मोबाइलसारखी अगदी नवी वस्तूही या जुन्या कसोटीतून सुटत नाही. ती कोणत्या गावात, कोणत्या छपराखाली, कोणाच्या हातात आणि किती वर्षे राहणार आहे, हे ठरल्यावाचून तिची बरी-वाईट अशी प्रत लावता येत नाही. शहरातील नातेवाइकाने सुचविला म्हणून खेड्यातील मनुष्याने फोन घेऊ नये, आणि खेड्यात स्वस्त मिळाला म्हणून शहरातील मनुष्यानेही घेऊ नये.

वाचकांपैकी कोणाचे पावागडाच्या वाटेवर वाघोडियास जाणे झाले तर घटकाभर या बाजारात थांबावे. बियाण्याच्या दुकानाशेजारी मोबाइलचे दुकान दिसेल, आणि दोन्हीकडे गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारीत असलेले ऐकू येईल : आमच्याकडे हे चालेल का?