उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गाव बघायला गेलो



यंदा बुद्ध पौर्णिमा झाली आणि आम्ही चार दिवस सुट्टीवर गेलो. आम्ही म्हणजे नवराबायको, सहावीतली पोरगी, तिच्यामागचा धाकटा आणि आई. पिंपरीतून लोकल धरली, मळवलीला उतरलो. निघायच्या आदल्या संध्याकाळी विहारात एका जुन्या सहकाऱ्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "जयंतीचा हिशोब अजून लागला नाही, आणि तुम्ही कार्यकर्ते पिकनिकला?" तेव्हा हसून सोडून दिलं. पण ते वाक्य चार दिवस सोबत होतं, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो, मग बाकीचं.

आमचे वडील पिंपरीच्या कंपनीत तीस वर्षं होते. भरपगारी रजा त्यांना मिळायची. पण तीस वर्षांत ते कुठं फिरायला गेल्याचं आम्हाला आठवत नाही. रजा टाकली म्हणजे गावी मयत आहे, लग्न आहे, नाहीतर बार्शीला कोर्टाची तारीख आहे. आराम, गंमत, पोराबाळांना घेऊन नुसतं झाडाखाली पडून राहणं, हे आपल्यासाठी नाही, ते वरच्या लोकांचं, असं त्यांना मनापासून वाटायचं. आणि हे असं वाटणं आपल्या चळवळीतही आहे. कार्यकर्ता दमलेला, कर्जात बुडालेला, घरच्यांना वेळ न देणारा असला की तो खरा. आम्हाला हे मान्य नाही.

१९३६ साली फ्रान्समधल्या कामगारांनी कारखान्यांत ठाण मांडून संप केले, तेव्हा तिथल्या सरकारला कायदा करावा लागला : वर्षाला दोन आठवडे भरपगारी सुट्टी. त्या उन्हाळ्यात कितीतरी कामगार कुटुंबं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र आणि खेडी बघायला निघाली. कुणी सायकलवर, कुणी सवलतीच्या तिकिटावर रेल्वेनं. तोवर ती मजा मालकांची होती. आज तिथं ही सुट्टी पाच आठवड्यांची आहे, आणि उन्हाळ्यात एखाद्या खेड्यात घर भाड्यानं घेऊन कुटुंबासह राहणं ही तिथली साधी गोष्ट आहे. आता आपल्याकडचं बघा. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं कुणाकडं होतं? बाबासाहेबांकडं. १९४५ ची कारखाना कायद्यातली दुरुस्ती त्यांच्याच काळातली. वर्षभर सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला १० दिवसांची भरपगारी सुट्टी, आणि कारखान्यात राबणाऱ्या मुलांना १४ दिवस. पुढच्याच वर्षी आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. म्हणजे रिकामा वेळ हा हक्क आहे, हे या देशातल्या गिरणी कामगाराला कायद्यानं मिळवून देणाऱ्यांत आपला बाप होता. आणि आपण मात्र चार दिवस मावळात गेलो तर चोरी केल्यासारखं तोंड करायचं?

असो. हिशोब आल्यावर पूर्ण केला, तोही सांगून ठेवतो.

आता गावाचं.

पोरगी गेली दोन वर्षं विचारत होती, "आपलं गाव कुठंय? सगळे सुट्टीत गावाला जातात." शाळेत निबंध येतो, 'माझ्या मामाचा गाव'. तिच्या मामाचं गाव म्हणजे चिखलीतली चाळ. आमचं मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात, तिथं आता पडकी भिंत आणि एक बाभळ आहे. १९७२ च्या दुष्काळात वडील खडी फोडायला बाहेर पडले ते परत गेले नाहीत. आई गावाचं नाव काढत नाही. एकदा फार मागं लागल्यावर एवढंच म्हणाली, "उन्हाळ्यात विहिरीवर दुपारपर्यंत बसायचं, कुणीतरी यील, वरून वतील." मराठी साहित्यातल्या त्या मामाच्या गावांत आंब्याची झाडं असतात, नदी असते, आजीच्या हातचं लोणी असतं. विहिरीवर तिष्ठत बसलेली आमची आई त्यातल्या एकाही निबंधात नसते.

तरी पोरांना माती दिसावी, रात्री आकाश दिसावं, असं वाटतंच. म्हणून पवन मावळातल्या एका गावात कृषी पर्यटनाचं ठिकाण फोनवर ठरवलं. राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशी ठिकाणं फार झालीत. चुलीवरचं जेवण, बैलगाडी, विटीदांडू, 'स्वतः भाकरी थापा', रात्री काजवे. दोन खोल्या, चार दिवस. गावाचं नाव, मालकाचं नाव इथं लिहीत नाही, आणि का ते पुढं कळेल.

पहिला दिवस खरंच छान गेला. लोणावळ्याकडं पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढं पडतो, त्यामुळं आपण मावळ नेहमी हिरवा बघतो. मे महिन्यातला मावळ वेगळा. भातखाचरं तडकलेली, राब भाजून काळी पडलेली, डोंगर तांबूस. करवंदीच्या जाळ्या मात्र लगडलेल्या. धाकट्यानं एवढी करवंदं खाल्ली की ओठ चिकानं चिकटले. जेवायला इंद्रायणीचा भात होता. हा तांदूळ इथलाच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला. शिजताना त्याचा वास ओटीपर्यंत आला तशी आई म्हणाली, "नुसता खावा." संध्याकाळी मालक चहा घेऊन गप्पा मारायला बसले. माणूस बोलका.

"पाव्हणं, मूळचं कुठलं म्हणायचं?"

"सोलापूर जिल्हा."

"आमचे पाव्हणे आहेत की तिकडं. म्हणजे तुम्ही त्यातले..."

आम्ही काही बोलायच्या आत आई म्हणाली, "आम्ही बौद्ध."

"बरं, बरं," मालक म्हणाले आणि तिच्या कपात आणखी थोडा चहा ओतला. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. आम्हालाही वाटलं, झालं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीचा कार्यक्रम. मुंबईचं एक कुटुंब होतं, त्यांची मुलगी आमच्या पोरीच्याच वयाची. दोघींची आदल्या दिवशीच गट्टी जमलेली. दोघी स्वयंपाकघराकडं पळाल्या. पाच मिनिटांत आमची परत आली आणि ओटीवर गुपचूप बसली. विचारलं तर म्हणाली, "आजी म्हणाल्या, तू बाहेर बस बाळा, तुला तिथं आणून देते."

"आणि ती?"

"ती चुलीजवळ बसलीय. तिचे हात पिठात आहेत."

बाळा म्हणाल्या होत्या. आवाज चढवला नव्हता. शिवी नव्हती, ढकललं नव्हतं. 'चुकून झालं असेल' असं म्हणायला भरपूर जागा होती आणि क्षणभर आम्हीही त्या जागेत शिरलो, हे कबूल करतो. जागा अपुरी असेल, म्हातारीला दोन पोरी झेपत नसतील. मग आईकडं बघितलं. ती पोरीकडं बघत होती. तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

मालकांना बाजूला घेऊन विचारलं. ते खरोखर ओशाळले. "आमच्यात तसलं काहीएक नाही साहेब. आईचं आपलं जुनं आहे, देवघर आतच आहे. कशाला मनावर घेता?" आम्ही म्हणालो, "जुनं आहे तर मुंबईच्या पोरीला कसं चाललं? आणि भाकरी थापायचे पैसे आमच्याकडून कशाचे घेतले?" यावर त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. उरलेल्या दिवसांचे पैसे त्यांनी न मागता परत केले, गाडी लावून देतो म्हणाले. गाडी नको म्हणालो.

आता काही तरुण मित्र विचारतील, ॲट्रॉसिटी का नाही केली? रात्रभर हाच विचार केला. हातात होतं एक वाक्य, तेही प्रेमानं बोललेलं. साक्षीदार म्हणून उभी राहिली असती अकरा वर्षांची पोर, आणि वकिलानं तिला विचारलं असतं की आजीनं तुला बाळा म्हटलं की नाही. आम्ही दुसऱ्यांच्या प्रकरणांत पोलीस ठाण्यात रात्री काढल्यात. स्वतःच्या पोरीच्या वेळी मागं हटलो. बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही. तुम्हाला चूक वाटत असेल तर तसं सांगा, राग येणार नाही.

कार्ल्याच्या बाजूला चळवळीतले एक काका राहतात. फोन केला. म्हणाले, "अरे, लॉज शोधता कशाला, घर काय मेलंय का?" दुपारी त्यांच्या बौद्धवस्तीत पोचलो. वस्ती नेहमीच्याच जागी, गावाच्या कडेला, ओढ्याच्या पलीकडं. गंमत अशी की गावानं ज्यांना कडेला टाकलं, त्या कडेवरून आता डांबरी रस्ता गेलाय आणि पलीकडं पुण्यामुंबईकरांच्या फार्महाऊसचे गेट लागलेत. काका म्हणाले, आठवड्याला एक एजंट येतो, "कागदाचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त सही करा." जमीन महारवतनाची. ज्या वतनापायी आपल्या बापजाद्यांनी तराळकी केली, मेलेली ढोरं ओढली, ते वतन मोडावं म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल मांडलं. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९५८ उजाडलं, बाबासाहेब तेव्हा नव्हते. जमिनी परत मिळाल्या त्या नव्या शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. मावळात, मुळशीत ज्यांच्या घरात अशी जमीन आहे त्यांनी सातबारा आणि फेरफार स्वतः काढून वाचा. कुळकायदा, वतन, इतर हक्क, सगळे रकाने वाचा. काकांनी वाचलेत, म्हणून एजंट अजून चहा पिऊनच परत जातो.

तिथले दोन दिवस म्हणजे पोरांची खरी सुट्टी. अंगणात झोपले. इंद्रायणीत कंबरेएवढ्या पाण्यात दुपार काढली. रात्री ओढ्याकाठच्या झाडावर काजवे लागले, आख्खं झाड एकदम पेटायचं आणि एकदम विझायचं. धाकटा तोंड उघडं ठेवून बघत राहिला. आई पदर पसरून बसली होती, पहिल्यांदाच तिच्या लहानपणच्या काजव्यांबद्दल बोलली. गावाबद्दल चांगलं काहीतरी तिच्या तोंडून आम्ही तेव्हाच ऐकलं.

४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याची जी चिरफाड केली ती आपल्याला पाठ आहे. संकुचितपणा, अज्ञान, जातीयता यांचं डबकं असं त्यांनी त्याला म्हटलं होतं, आणि आमच्या पोरीनं ओटीवर बसून त्याचा एक घोट घेतला. पण त्याच बाबासाहेबांनी याच मावळात, तळेगाव दाभाड्याला बंगला घेतला होता, आणि शेवटच्या वर्षांत ते तिथं येऊन राहत. हवा, झाडं, शांतता त्यांनाही हवी होती. आपल्यातले काही भाषणात 'खेडी सोडा' एवढंच सांगतात, तेव्हा डोंगर, नदी आणि करवंदंही ज्यांनी विहीर बंद केली त्यांच्याच नावावर करून मोकळे होतात. ते आम्हाला पटत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत कार्ल्याच्या पायऱ्या चढलो. एकवीरेची रांग उजेडायच्या आधीपासून लागलेली असते, तिच्या शेजारून चैत्याकडं वळावं लागतं. आत गेल्यावर एकदम गार. ३७ खांब, वर लाकडी कमानी, त्याही जवळजवळ दोन हजार वर्षांच्या. पोरीला वाटलं होतं हे कुण्या राजानं बांधलं. तिला शिलालेख दाखवले. हे लेणं पूर्ण करणारा भूतपाल हा वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा श्रेष्ठी. धेनुकाकटचा एक सुगंधी द्रव्यं विकणारा, एक सुतार, कितीतरी यवन, म्हणजे ग्रीक, आणि भिक्खुणीसुद्धा. कुणी खांब दिला, कुणी दरवाजा. सुताराचं नाव सामी. दोन हजार वर्षं त्याचं नाव तिथं आहे, बापाच्या नावासकट. आणि इथल्याच लेखात या मुलखाचं नाव येतं, मामाल. त्याचंच पुढं मावळ झालं. पावसाळ्यात वर्षावासाला राहणाऱ्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दान दिल्याचीही नोंद आहे.

पोरगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे इथं कोणीही आत येऊ शकत होतं?"

"नावं बघ ना," आई म्हणाली. आईला ब्राह्मी वाचता येत नाही, पण तिनं त्या अक्षरांवरून हवेतूनच बोट फिरवलं.

भाजे आणि बेडसे राहून गेले. उन्हानं धाकटा गळपटला.

शेवटच्या संध्याकाळी काकूंनी पोरीला चुलीपुढं बसवलं. तांदळाची भाकरी नवख्याला जमत नाही, उकड नीट मळावी लागते, नाहीतर कडा फाटतात. तिच्या चार फाटल्या. पाचवी तव्यावर कशीबशी गेली. काकू म्हणाल्या, ही उद्या गाडीत न्यायची. फडक्यात बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी मळवलीहून लोकल. कामशेत, वडगाव, तळेगाव. देहूरोड आलं तसे आईनं हात जोडले. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी इथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा आईचे वडील गर्दीत होते, असं ती सांगते. पोरीनं फडकं सोडलं. भाकरी एका बाजूनं जाड, मधे भोक पडलेली, थोडी करपलेली. आईनं अर्धी खाल्ली. उरलेली धाकट्यानं मागितली तर तिनं आधी एक तुकडा आम्हाला दिला.