ओळीच्या पोटातलं यमक

प्रिय मुकुंदा,

रॅप म्हणजे ठेक्यावर ओरडून म्हटलेली यमकं, हे तुझं वर्णन १९८५च्या न्यूयॉर्कला बऱ्यापैकी लागू पडतं. रन-डीएमसी या गटाचे दोघे रॅपर ओळीचा शेवटचा शब्द असा ठोकतात की गर्दीनेही तो सोबत म्हणावा. हा प्रकार मोकळ्या मैदानातल्या पार्ट्यांत वाढलेला. तिथे आवाज चढवावाच लागे. पण १९८६ साली लाँग आयलंडवरच्या वायनडँच गावचा १८ वर्षांचा विल्यम ग्रिफिन, म्हणजे रकीम, एरिक बी या डीजेबरोबर ‘एरिक बी इज प्रेसिडेंट’ आणि ‘माय मेलडी’ ही गाणी घेऊन आला, आणि तुझी व्याख्या तोकडी पडली. या गाण्यांचं ध्वनिमुद्रण क्वीन्समध्ये निर्माता मार्ली मार्लकडे झालं. या पोराला जरा जोर लावायला सांगा, असं तिथल्या जाणत्यांना वाटत होतं. त्याने आवाज चढवला नाही. अनेकांनी याचं श्रेय त्याच्या शांत स्वभावाला दिलं. मला तो रचनेचा भाग वाटतो. रकीमने यमक ओळीच्या टोकावरून उचलून तिच्या पोटात नेलं. एकेका ओळीत दोन-तीन जुळण्या, आणि वाक्य ओळ ओलांडून पुढच्या ओळीत मध्येच कुठेतरी थांबणारं. अशी ओळ ओरडून म्हटली तर प्रत्येक शब्दावर सारखाच घाव पडेल आणि वीण दिसेनाशी होईल. ती ऐकू यायची तर आवाज सपाट, जवळजवळ बोलल्यासारखा हवा. रकीम लहानपणी सॅक्सोफोन वाजवत असे, आणि जाझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या वादनातली लय शब्दांत आणण्याचा प्रयत्न केल्याचं त्याने सांगितलं आहे. वादकाचा श्वास कुठे तुटतो, हे ओळीच्या लांबीवर थोडंच ठरतं?

तू म्हणशील, आतली यमकं आधीही होती. होती की. मेली मेल आणि कूल मो डी या आधीच्या रॅपरांना वगळून हा इतिहास सांगताच येणार नाही. पण त्यांच्या रचनेत ती बहुधा अधूनमधून येणारी करामत असते, रकीमकडे तोच पाया आहे. १९८७चा ‘पेड इन फुल’ हा अल्बम सलग ऐकला की हा फरक कानाला कळतो. जेम्स ब्राउनच्या परंपरेतले ताल खाली घट्ट चालतात आणि वर शब्द कधी मागे रेंगाळतात, कधी पुढे सरकतात.

आशयाबद्दलचा तुझा आक्षेप मात्र मला अधिक वजनदार वाटतो: रकीम सगळा वेळ स्वतःचीच थोरवी गातो. खरंच गातो. फक्त त्याची बढाई पैशांपेक्षा लिहिण्याबद्दल जास्त आहे: आपण शब्द कसे रचतो, ऐकणाऱ्याला कसे खिळवून ठेवतो याबद्दल. त्यात फाइव्ह पर्सेंट पंथाची परिभाषा मिसळते, तेव्हा काही जागा बाहेरच्याला दुर्बोध होतात, आणि तिथे मलाही तो थोडा पढीक वाटतो. पण विषय अरुंद आहे म्हणून रचना उथळ ठरत नाही. तसं मानलं तर आपल्या शाहिरांच्या सवाल-जवाबातलाही निम्मा भाग गाळावा लागेल.

तुझा,
श्रीधर